परब, ती सात मिनिटं

परब,

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी हिंदमाताला एका साडीच्या दुकानात उभी होते. भाचीच्या लग्नासाठी साड्या बघायला गेले होते आणि सवयीनं पदर उलटा करून त्याची मागची बाजू तपासत होते. ही सवय तुमची. दुकानदाराला ते फारसं आवडलं नव्हतं. तेवढ्यात शुभांगीचा फोन आला. "मावशी, बाबा गेले," एवढंच म्हणाली तुमची लेक. मी पदराची घडी घातली, ती नीट बसेना, पुन्हा घातली, आणि दुकानाबाहेर येऊन फुटपाथवर तशीच उभी राहिले.

त्याला आज नऊ दिवस झाले. आपल्या भूचुंबकत्वाच्या संस्थेतल्या मुलांनी मला तुमच्याबद्दल चार ओळी लिहून मागितल्या, सूचनाफलकावर लावायला. जन्म, गाव, शिक्षण, नोकरी. मी म्हटलं, ते सगळं त्यांच्या सेवापुस्तकात आहे आणि त्यातलं निम्मं चुकीचं आहे. जन्मतारीखसुद्धा गावच्या मास्तरांनी अंदाजानं टाकलेली, असं तुम्हीच हसत सांगायचात. त्या चार ओळी मी लिहिल्या नाहीत. हे लिहितेय. हे फलकावर लावण्यासारखं नाही.

तुम्ही आलात ते गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी. आमच्या संस्थेत जुन्या चार्टांच्या खोलीला ओल आली होती आणि सगळे गठ्ठे काढून, पुसून, वरच्या मजल्यावर न्यायचे होते. त्यासाठी रोजावर चार माणसं घेतली. चौघंही गिरणीतले. तिघं विणाई खात्यातले आणि तुम्ही घडी खात्यातले, म्हणजे तयार कापड टेबलावरून सरकत जाताना त्यातले दोष हेरणारे. हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मला एवढंच दिसलं की बाकीचे तिघं गठ्ठे उचलताहेत आणि चाळिशीतला एक सडपातळ माणूस खिडकीशी उभा राहून आमचा एक चार्ट डोळ्यांसमोर आडवा धरून तिरक्या नजरेनं बघतो आहे.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. गिरगावातल्या पाठारे प्रभूंच्या घरातली, पणजोबांपासून सगळे कचेरीत कारकुनी करणारे, आणि मी घरातली पहिली पीएच.डी. अंगात ताठा भरपूर. मी म्हटलं, "ओ, ते वाचायला नाही दिलेलं. उचलायला दिलंय."

तुम्ही चार्ट खाली ठेवला नाहीत. म्हणालात, "मॅडम, ही रेघ इथे बारीक हलतेय बघा. सारख्या अंतरानं. हा छापायचा दोष, की खरोखर तसं आहे?"

मी जवळ जाऊन पाहिलं. फोटोच्या कागदावर उमटलेली काळी रेघ, आणि तिच्यावर केसाएवढ्या नऊ-दहा लाटा, एकीमागे एक. पीएच.डी.ची चार वर्षं मी ह्याच लाटा शोधण्यात घालवली होती. शिकायला येणाऱ्या मुलांना त्या दाखवायला मला भिंग आणि अर्धा तास लागायचा.

"खरोखर तसं आहे," मी म्हटलं.

"मग काय हललं?"

त्या दुपारी खिडकीशी उभ्या उभ्या मी तुम्हाला सांगितलं की पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे, त्याचा पसारा आकाशात हजारो किलोमीटर पसरलेला आहे, त्याला आम्ही चुंबकावरण म्हणतो. सूर्याकडून एक वारा सतत येतो, विजेनं भारलेल्या कणांचा. तो ह्या पसाऱ्यावर आदळतो, घासून जातो, आणि मग तो सगळा पसारा थरथरतो. कधी काही सेकंदांची एक लाट, कधी पाच-पाच मिनिटांची. समोरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वेधशाळेत दोऱ्याला टांगलेली एक चुंबकसुई आहे, ती त्याबरोबर हलते आणि तिच्यावरचा आरसा प्रकाशाचा ठिपका कागदावर हलवतो. ती ही रेघ.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. बाकीचे तिघं बिडी प्यायला गेले होते. मग तुम्ही म्हणालात, "म्हणजे आत्ता पण हलत असेल."

"हो."

"आणि आपल्याला काय पत्ता नाय."

एवढं बोलून तुम्ही गठ्ठा उचललात आणि जिना चढून गेलात. आठवडाभरानं ते काम संपलं तेव्हा मी आमच्या प्रमुखांकडे जाऊन म्हटलं, मला चार्ट मोजायला माणूस हवाय, ह्यांना ठेवा. ते म्हणाले, रोजंदारीचा माणूस मूळ चार्टांना हात लावू शकत नाही, नियम आहे. मी म्हटलं, माझ्या जबाबदारीवर. त्यांनी सही केली ती तीन महिन्यांची, आणि काही घोटाळा झाला तर माणूस त्याच दिवशी बाहेर, असं बजावून. मग दर तीन महिन्यांनी मी अर्ज करायची, ते सही करायचे, आणि तुम्ही उरायचात.

तुमच्या घरचं तेव्हा काय चाललं होतं हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं, कारण तुम्ही बोलायचाच नाहीत. लालबागला वहिनी खानावळ चालवायच्या. वीस-पंचवीस गिरणी कामगार जेवायला असायचे. संप लांबला तसे ते एकेक करून कोकणात परतले आणि शेवटी खानावळीत दोन म्हातारे उरले, त्यांना वहिनी नाही म्हणू शकल्या नाहीत म्हणून. तुम्ही अधूनमधून गिरणीच्या दरवाजावर जाऊन यायचात. तिथे यादी लागायची, कुणाला परत घेतलं त्याची. दुसऱ्या दिवशी तुम्ही जास्तच गप्प असलात की मी समजायची, यादीत नाव नव्हतं.

पण चार्ट समोर आला की तुम्ही वेगळे व्हायचात. काचेची पट्टी रेघेवर ठेवायची, दोन लाटांमधलं अंतर बघायचं, वहीत लिहायचं, पट्टी सरकवायची. माझ्या हाताखालची एम.एस्सी.ची मुलं दिवसाला चार चार्ट करायची, तुम्ही अकरा करायचात आणि मी पुन्हा मोजले तर फरक निघायचा नाही. रजिस्टरात एक रकाना होता, त्यात दिवस शांत होता की अशांत, हे लिहायचं. सगळ्या जगात ही पद्धत आहे. तुम्ही तो रकाना भरायला तयार नव्हतात.

"शांत कसं लिहू मॅडम? नीट बघा, बारीक हलतेय."

"एवढं हललं तरी त्याला शांतच म्हणतात, परब."

"कोण म्हणतात?"

"सगळे शास्त्रज्ञ."

"त्यांनी हा बघितला नसेल."

आणि तुम्ही 'शांत'ऐवजी 'कमी हलतो' असं लिहायचात, टपोऱ्या अक्षरात. मी ते खोडून 'शांत' करायची. हा वाद वीस वर्षं चालला. निवृत्त होताना तुम्ही त्या रजिस्टरावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "मॅडम, तुमची खाडाखोड राहिली तशीच." आता कुणी ती रजिस्टरं उघडली तर त्याला वाटेल, ह्या खोलीत दोन माणसं सतत भांडत होती. खरंच होतं ते. आणि त्या भांडणात मी किती सुखात होते हे मला तेव्हा समजलं नाही.

आता ती गोष्ट, जी मी चाळीस वर्षं टाळली.

तुम्ही आलात त्याच वर्षी परदेशातून आमच्याकडे चुंबकीय फितींची एक पेटी आली. काही वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या आकाशात एक उपग्रह होता, जमिनीपासून जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवर. त्याच्यावर चुंबकक्षेत्र मोजणारं उपकरण होतं आणि त्याच्या नोंदी आता आम्हाला वापरायला मिळाल्या होत्या. तोपर्यंत आम्ही जमिनीवरून वर काय चाललं असेल त्याचा अंदाज करत होतो. आता वर प्रत्यक्ष काय हललं ते समोर आलं. प्लॉटर कुरकुरत कागदावर रेघ काढायचा आणि तुम्ही मशीनसमोर स्टूल टाकून बसायचात. पहिल्यांदा त्या रेघेवर लाटा उमटल्या तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत, "मॅडम, वर पण तसंच आहे!" तुमचा आवाज एवढा मोठा मी त्याआधी ऐकला नव्हता.

मला हवं होतं ते असं : एकच थरथर आधी उपग्रहानं पाहिलेली आणि थोड्या वेळानं आमच्या वेधशाळेनं. म्हणजे ती बाहेरून आत, वरून खाली आली हे दाखवता आलं असतं. महिनाभर शोधल्यावर तशी एक सकाळ सापडली. पाच मिनिटांची एक लाट, अशा सात लाटा, उपग्रहावर सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी आमच्या चार्टावर. देखणं चित्र होतं. मी शोधनिबंध लिहिला, तो छापायला पसंत झाला, त्याच्या जोरावर परदेशातल्या एका प्रयोगशाळेत सहा महिने काम करायचं निमंत्रणही आलं. आईनं गिरगावातल्या सगळ्या नातेवाइकांना पेढे वाटले. तुम्हीसुद्धा एक खाल्लात.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात. हातात तोच चार्ट होता, पण उलटा.

"मॅडम, हे परत गठ्ठ्यात ठेवत होतो. मागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय."

अक्षर पुसट होतं. वेधशाळेतल्या त्या वेळच्या निरीक्षकानं लिहिलेलं. 'घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. संध्याकाळी नीट लावलं.'

मला वाचताक्षणी कळलं. घड्याळ सात मिनिटं पुढे, म्हणजे चार्टावरची प्रत्येक वेळ सात मिनिटांनी मागे न्यायला हवी. मग आमची लाट उपग्रहानंतर दोन मिनिटांनी नव्हे, उपग्रहाच्या पाच मिनिटं आधी सुरू झाली. वरून खाली यायची ती खालीच आधी पोचली होती. सगळा निबंध त्या दोन मिनिटांवर उभा होता.

मला हे कळलं आणि मी तुमच्यावर ओरडले. खोलीतली मुलं बघत होती. मी म्हटलं, "परब, तुम्हाला इथे कापड तपासायला ठेवलेलं नाही."

तुम्ही चार्ट टेबलावर ठेवलात. तुमचा आवाज जराही चढला नाही.

"कापड असतं तर बोललो नसतो मॅडम. कापडातला दोष गिऱ्हाइकाला दिसतो, तो ठाण परत आणून टाकतो. ह्यातला दोष तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला दिसणार?"

आणि तुम्ही तुमच्या जागेवर जाऊन पुढचा चार्ट मोजायला घेतलात. त्या महिन्याच्या अखेरीस तुमचे तीन महिने संपत होते. माझ्या अर्जाशिवाय तुम्ही एक दिवसही राहिला नसतात. हे तुम्हाला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. गप्प राहणं किती सोपं होतं, परब. गठ्ठा बांधायचा, वर ठेवून द्यायचा. मी परदेशी गेले असते, तुमचा अर्ज जाण्याआधी करून गेले असते, आणि ती पेन्सिल हळूहळू पुसून गेली असती.

शनिवारी मी एकटीच कामावर आले. चार्टावरच्या त्या सकाळीच चुंबकक्षेत्राला एक जोराचा धक्काही बसलेला होता, असा धक्का पृथ्वीवर सगळीकडे एकाच मिनिटाला नोंदला जातो. दक्षिणेतल्या एका वेधशाळेचा त्या दिवसाचा चार्ट काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. सात मिनिटांचा फरक. मी पुन्हा मोजलं. मग तुमची काचेची पट्टी घेऊन मोजलं, माझी चुकत असेल म्हणून. सातच. पेन्सिलीत लिहिलेलं खरं होतं.

सोमवारी सकाळी मी प्रमुखांच्या खोलीत गेले आणि निबंध मागे घ्यायचा असल्याचं सांगितलं. मी पुढे ठेवलेल्या चार्टाच्या मागची टीप त्यांनी वाचली. मग त्यांनी विचारलं, "ही टीप तुला दिसली कशी?"

मी म्हटलं, "चार्ट परत बघताना माझ्या लक्षात आलं."

इतकं सहज बोलले, परब. ठरवून नाही. तोंडातून तसंच बाहेर पडलं. ते खुर्चीतून उठले, त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, "फार कमी लोकांनी हे केलं असतं." त्याच आठवड्यात सगळ्यांच्या बैठकीत त्यांनी माझं उदाहरण दिलं. स्वतःची चूक स्वतः शोधून स्वतः सांगणारी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही दाराशी उभे होतात, पडद्यावर दाखवायच्या पारदर्शिका हातात घेऊन. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान हलवलीत, बरं झालं अशा अर्थानं, आणि पुढची पारदर्शिका काढून दिलीत.

निमंत्रण अर्थातच गेलं. त्याचं मला वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं मला सोसण्यासारखं होतं. टाळ्या सोसवेनात. तुमच्याशी बोलायला मी दोनदा तुमच्या टेबलापर्यंत आले आणि दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारून परत गेले. नंतर एवढे दिवस झाले की तो विषय काढणंच विचित्र वाटायला लागलं. नंतर वर्षं झाली.

तुम्ही मात्र त्या सोमवारपासून एक नवं रजिस्टर घातलंत. प्रत्येक चार्ट उलटा करायचा आणि मागं जे काही लिहिलेलं असेल ते उतरवून काढायचं. घड्याळ थांबलं, दिवा गेला, दोरा बदलला, पावसामुळे कुणी आलं नाही. हजारो चार्ट. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यामुळेच दीड वर्षानं, आता वेळ खात्रीची आहे हे माहीत असलेल्या चार्टांमधून, आपल्याला ती खरी सकाळ सापडली. उपग्रहावर लाटा, आणि पावणेदोन मिनिटांनी आपल्याकडे. तुम्ही तीन वेळा मोजलंत, मग मला बोलावलंत, आणि मी बघत असताना चार्ट उलटा करून दाखवलात. मागे काही नव्हतं. कोरा.

ह्या वेळी निबंधावर मी तुमचं नाव दुसरं घातलं. प्रमुख म्हणाले, "आभारात टाक, एवढं पुरे. शिक्षण काय आहे त्यांचं?" मी म्हटलं, नाव राहणार नसेल तर निबंध जाणार नाही. मोठ्यांदा बोलले, दार उघडं होतं. तुम्हाला वाटलं असेल, ही बाई किती धीट. परब, मी त्या सोमवारची फेड करत होते आणि ती होत नव्हती.

छापील प्रती आल्या त्या रविवारी तुम्ही मला लालबागला जेवायला बोलावलंत. वहिनींनी तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं केलं होतं. चाळीच्या गॅलरीत तुमचे गिरणीतले सात-आठ सोबती जमले होते, काही गावाहून परत आलेले, काही भोईवाड्याहून चालत आलेले. प्रत हातोहात फिरत होती. इंग्रजीतलं कुणाला वाचता येत नव्हतं, पण एम. एस. परब एवढी अक्षरं सगळे बोट ठेवून बघत होते. शुभांगी तेव्हा सातवीत. ती दर नव्या माणसाला ओळ दाखवत होती.

तुमचे एक जुने सोबती, घोगऱ्या आवाजाचे, म्हणाले, "म्हादेवा, ह्यात तुया काय केलंस तां सांग बगया."

तुम्ही उठून उभे राहिलात. मला वाटलं, लाजून काहीतरी पुटपुटाल. तुम्ही हात वर केलात.

"हय वर एक उपग्रह होतो. आणि हय खाली आमचो कागद. वरच्यान सांगल्यान, आत्ता हल्लां. दोन मिनटांच्या आत खालच्यान सांगल्यान, माका पण लागलां. दोघांनी एकमेकाक बगूक नाय, पण बोलले एकच. तां आमी पकडलां."

"आणि त्येचो उपेग?"

"अजून म्हायत नाय," तुम्ही म्हणालात. "पण खोटां नाय."

ते घोगऱ्या आवाजाचे गृहस्थ म्हणाले, "ह्यां बरां. आजकाल खोटां नसलेलां कायतरी आसा म्हणजे बरांच." दोन दिवसांपूर्वीच गिरणीच्या दरवाजावर शेवटची यादी लागली होती. त्या गॅलरीतल्या कुणाचंही नाव तिच्यात नव्हतं. तुमचंही नाही. मला हे तिथे, जेवताना कळलं. तुम्ही मला आधी सांगितलं नव्हतंत, कारण मी जेवायला येणार होते.

पुढे तुम्ही कायम झालात. शुभांगी शिक्षिका झाली. गिरणीच्या जागी काचेचे मनोरे आले आणि तुम्ही त्या रस्त्यानं जायचं बंद केलंत, वळसा घालून जायचात. उपग्रह वाढत गेले, एकाच्या जागी चार-चार एका रांगेत उडायला लागले, सेकंदाला कितीतरी नोंदी पाठवायला लागले, आणि आमच्या मुलांना आता कागद हातात घ्यावा लागत नाही. निवृत्तीनंतरही तुम्ही वर्षातून एकदा गिरगावात माझ्याकडे यायचात, वहिनींनी दिलेलं कोकमाचं आगळ घेऊन. मी संगणकावर नव्या लाटा दाखवायची. तुम्ही मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघायचात. एकदा म्हणालात, "बाय, घड्याळ कोण तपासतां ह्येंचां?" मॅडम जाऊन 'बाय' कधी झालं ते आपल्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

गेल्या महिन्यात परळच्या इस्पितळात तुम्हाला भेटायला आले तेव्हा मी सांगायचं ठरवूनच आले होते. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. मी म्हटलं, "परब, एक बोलायचंय." तुम्ही म्हणालात, "आधी मोसंबी सोल. नर्स रागावता माका." मी मोसंबं सोललं. तुम्ही दोन फोडी खाल्ल्यात, एक मला दिलीत आणि शुभांगीच्या मुलीच्या दहावीबद्दल सांगायला लागलात. मग तुमचा डोळा लागला. मी तासभर बसले आणि निघून आले. पुढच्या वेळी बोलू असं वाटलं, इतकं काही तुम्ही आजारी दिसत नव्हतात.

काल लालबागला गेले होते. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, शेजारी शुभांगी. मी कुठलीही प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं. शुक्रवार, सोमवार, टाळ्या. चूक परबांनी शोधली होती आणि मी ती माझ्या नावावर घेतली.

वहिनी म्हणाल्या, "माका ठाऊक आसा. त्यांनी त्याच दिवशी घराक येऊन सांगितल्यानी."

"काय सांगितलं?"

"म्हणाले, मॅडमनी माझां नाव घेवक नाय, म्हणून मी ऱ्हवलंय. रोजावरच्या माणसान कागदाक हात लायलो म्हणून सायबान माका भायर काढलो असतो. मॅडमनी सगळां आपल्यार घेतल्यानी. परदेशाक जावचां होतां, तांय सोडल्यानी." त्या थांबल्या, पदर सारखा केला. "दर गणपतीत तुमच्या नावान गाऱ्हाणां घालीत ते. तुमका ठाऊक नाय?"

मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं दर गणपतीला लालबागच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत तुम्ही देवापुढे उभे राहून माझं भलं मागत होतात, मी न केलेल्या एका उपकाराबद्दल.

ते तसंच राहू देणं मला शक्य होतं. वहिनींच्या मनातलं, शुभांगीच्या मनातलं. मी एक क्षण गप्प बसलेसुद्धा. मग मी म्हटलं, "नाही वहिनी. तसं नव्हतं. त्यांना वाचवायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला शाबासकी हवी होती. निबंध गेला, निमंत्रण गेलं, निदान एवढं तरी मला मिळावं असं वाटलं, आणि मी ते घेतलं."

वहिनींना राग आला की नाही ते मला कळलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ह्यां तुमी त्यांका सांगूक होयां होतां. माका सांगून काय?"

त्यांचं बरोबर आहे. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

परब, तुम्हाला वाचवायला मी खोटं बोलले नव्हते. माझ्यासाठी बोलले होते. ती सात मिनिटं तुम्ही शोधलीत, आणि स्वतःच्या नोकरीची पर्वा न करता मला येऊन सांगितलीत. त्या खोलीत त्या दिवशी एकच माणूस धीट होता, आणि तो मी नव्हते. इतकी वर्षं तुम्ही माझ्याबद्दल जे चांगलं मानलंत ते माझं नव्हतं, तुमचं होतं. तुम्ही ते माझ्यात पाहिलंत एवढंच. आज सकाळी संस्थेला पत्र लिहून हे सगळं कळवलं. मागे घेतलेल्या त्या निबंधाच्या फाइलीत ते लावून ठेवा, असं सांगितलं. पत्रावर माझी सही आहे.

तुमची,
सुलभा